चार घरं, एक गाणं: मोफत सॉफ्टवेअरवर दूर राहून रेकॉर्डिंग

व्हिडिओ कॉल लावून एकाने गायचं आणि दुसऱ्याने साथ करायची, हा बेत पहिल्या दोन आवर्तनांतच कोसळतो. गाणाऱ्याचा आवाज साथीदाराकडे उशिरा पोचतो, साथीदार त्या उशिराच्या आवाजाला धरून वाजवतो, ते परत येताना आणखी उशीर होतो, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत लय खाली खाली आणत राहतात. वर कॉलचं सॉफ्टवेअर लांबवलेल्या सुराला पंख्याची घरघर समजून दाबून टाकतं ते वेगळंच. म्हणून हे काम फाइलींच्या देवाणघेवाणीवर चालतं: एकाने मार्गदर्शक ट्रॅक बनवायचा, प्रत्येकाने तो हेडफोनमध्ये ऐकत आपला भाग घरी रेकॉर्ड करायचा, आणि आलेल्या फाइली एकाने (मिक्स करणाऱ्याने) जुळवायच्या.

यात गाडी अडते ती बहुतेक वेळा एकाच जागी. फाइली येतात, वाजवलेलं सुरेख असतं, पण एकही फाइल दुसरीशी जुळत नाही. कुणी गाण्याआधीच्या मोजणीपासून सुरुवात ठेवलेली असते, कुणी आपल्या पहिल्या सुराआधीची शांतता ‘स्वच्छ’ करून टाकलेली असते, कुणाचं सगळं एकसारखं शंभर मिलिसेकंद मागे पडलेलं असतं. आवाज थोडा बारीक असेल, खोली थोडी घुमत असेल, तर पुढे सांभाळून घेता येतं. पण सगळ्यांचं शून्य सेकंद एकच नसेल तर मिक्स करणाऱ्याची अख्खी संध्याकाळ अंदाजाने फाइली सरकवण्यात जाते. खालच्या सूचनांतल्या निम्म्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

कुठलं सॉफ्टवेअर

सगळ्यांकडे एकच सॉफ्टवेअर असायला हवं असं मुळीच नाही. फाइली वेव्ह (दाबून लहान न केलेल्या आवाजाच्या) स्वरूपात फिरणार असतील तर एकाने ऑडॅसिटी, दुसऱ्याने गॅरेजबँड आणि तिसऱ्याने वेव्हफॉर्म फ्री वापरलं तरी काही बिघडत नाही. ज्याला फक्त आपला आवाज किंवा एक वाद्य रेकॉर्ड करायचंय त्याला ऑडॅसिटी पुरेसं आहे. २००० साली आलेलं हे सॉफ्टवेअर आजही एका दुपारीत शिकून होतं. पंधरा-वीस ट्रॅक मिक्स करणाऱ्याने मात्र आर्डरसारखं पूर्ण वाढीचं सॉफ्टवेअर घ्यावं. आर्डरचा सोर्स कोड मुक्त आहे. तयार इन्स्टॉलर त्यांच्या साइटवर पैसे देऊन मिळतो, पण लिनक्सच्या बहुतेक वितरणांत आर्डर फुकट बसवता येतं.

एलएमएमएस या मोफत सॉफ्टवेअरबद्दल एक सावधगिरी. ठेके आणि सिंथ रचायला ते उत्तम, पण त्याच्या स्थिर १.२ आवृत्तीत माईकवरून रेकॉर्डिंगच होत नाही. त्यात रचलेलं काम वेव्ह करून बाहेर काढायचं आणि गळा-वाद्यं दुसरीकडे रेकॉर्ड करायची. ब्राउझरमध्ये चालणारं बँडलॅब सगळ्यांना एकच प्रोजेक्ट दाखवतं, म्हणून चाल रचण्याच्या टप्प्यावर सोयीचं पडतं.

आधी एक चिठ्ठी

पहिला सूर रेकॉर्ड होण्याआधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एक चिठ्ठी लिहा आणि ती सामाईक फोल्डरमध्ये सगळ्यात वर ठेवा. तिच्यात सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे (४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झ, व्हिडिओ करायचा असेल तर ४८,०००), बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदवायचा (२४), लय बीपीएममध्ये (मिनिटाला किती मात्रा), ताल आणि मात्रा, पट्टी, आणि गाण्याचा आराखडा हवा: मोजणी ४ आवर्तनं, मुखडा ८, अंतरा १६, असं शेवटापर्यंत.

लयीचा आकडा पूर्णांकात ठरवा आणि तो कुणीही ‘साधारण तेवढाच’ धरू नये. ९२च्या लयीत ३६८ मात्रा बरोबर ४ मिनिटांत होतात. एखाद्याने ९२.५ धरलं तर त्याच मात्रा १.३ सेकंद आधी संपतात, म्हणजे शेवटाला तो दोन मात्रा पुढे असतो. मधे लय बदलत असेल तर कितव्या आवर्तनाला किती, तेही लिहा.

पट्टीचं तसंच. नुसतं ‘काळी एक’ लिहून भागत नाही, कारण ती काळी एक कुठल्या मापाने लावलेली हा प्रश्न उरतोच. मध्य सप्तकातली पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ हे माप सगळ्यांनी धरलं असेल तर तसं लिहा. गटात हार्मोनियम किंवा बासरीसारखं, घरी बसून पुन्हा लावता न येणारं वाद्य असेल तर आधी त्याचा एक लांब सूर रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवा आणि बाकीच्यांनी त्याला लावून घ्यावं. तारांचं वाद्य हलवता येतं, पेटी नाही.

मार्गदर्शक ट्रॅक

हा दोन वेगळ्या फाइलींत द्या: एकीत फक्त क्लिक (मात्रेमात्रेला वाजणारी टकटक), दुसरीत कच्चा आवाज आणि एखादं स्वरवाद्य. दोन्ही एकाच फाइलीत मिसळून दिल्या की ड्रम वाजवणाऱ्याला क्लिक कमी पडते आणि गाणाऱ्याला ती डोक्यात जाते. वेगळ्या असल्या की ज्याने त्याने आपल्या सोयीने आवाज लावावा.

मोजणी चार आवर्तनांची ठेवा, नेहमीची एक नाही. ९२च्या लयीत चार मात्रांचं एक आवर्तन २.६०९ सेकंदांचं, म्हणजे चारांना साधारण १०.४ सेकंद लागतात. ही चैन नाही. पहिल्या दोन आवर्तनांत प्रत्येक कलाकाराने हेडफोनचा एक कप माईकसमोर धरायचा, म्हणजे क्लिकचा टकटक आवाज त्याच्याच ट्रॅकवर उमटतो. उरलेल्या दोन आवर्तनांत हेडफोन डोक्यावर, श्वास, आणि सुरुवात. ही टकटक पुढे खूण म्हणून कामाला येते: फाइल कुठेही सरकलेली असो, तिच्यावरची टकटक मूळ क्लिकवर बसवली की फाइल जागेवर. टाळी वाजवूनही खूण करता येते, पण माणसाची टाळी वीस मिलिसेकंद इकडे-तिकडे होतेच. हेडफोनमधली क्लिक होत नाही.

क्लिक शेवटच्या मात्रेला थांबवा. गाण्याचा शेवटचा सूर विरत असतो, खोलीत शांतता पसरत असते, आणि हेडफोनमधून गळलेली टक, टक, टक त्या विरणाऱ्या सुरावर स्पष्ट ऐकू येते. गर्दीच्या अंतऱ्यात ती झाकली जाते, शेवटाला उघडी पडते, आणि सुराला धक्का न लावता काढता येत नाही.

उशीर मोजून भरून काढणं

ऑडॅसिटीत मार्गदर्शक ट्रॅक वाजतोय, तुम्ही अगदी लयीत गाताय, आणि परत ऐकल्यावर गाणं मागे पडलेलं. ध्वनी संगणकातून बाहेर पडून हेडफोनपर्यंत जायला आणि माईककडून परत आत यायला वेळ लागतो, त्याचा हा परिणाम. सॉफ्टवेअर हा वेळ अंदाजाने वजा करतं. ऑडॅसिटीत तो अंदाज मुळात उणे १३० मिलिसेकंद असतो. तुमच्या उपकरणाला तो लागू पडेलच असं नाही. कितीतरी लोक ‘लयीत मी कच्चाच’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात; दोष एका न तपासलेल्या आकड्याचा असतो.

तपासायला पाच मिनिटं लागतात. नवीन प्रोजेक्टमध्ये ‘जनरेट’ मेनूतून ‘ऱ्हिदम ट्रॅक’ घ्या, लय ६०, लांबी दहा-पंधरा सेकंद. ‘ऑडिओ सेटिंग्ज’मध्ये ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ शून्य करा. हेडफोनचा कप माईकला टेकवा आणि शिफ्ट दाबून आर दाबा. म्हणजे नव्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग सुरू होईल. थांबवल्यावर मधली एखादी क्लिक निवडून इतकं झूम करा की लाटेचा पहिला चढ दिसेल. वरच्या ट्रॅकवरच्या चढापासून खालच्या ट्रॅकवरच्या चढापर्यंत निवड करा आणि खालच्या पट्टीत तिची लांबी वाचा. समजा ११८ मिलिसेकंद आली. तर त्या सेटिंगमध्ये उणे ११८ घाला आणि पुन्हा एकदा रेकॉर्ड करून पाहा. आता फरक दोन-तीन मिलिसेकंदांच्या आत यायला हवा.

११८ म्हणजे किती, तर ९२च्या लयीत पाव मात्रा १६३ मिलिसेकंदांची असते. त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश निघून गेलेली. दहा मिलिसेकंदांपर्यंतचा फरक बहुतेकांना जाणवत नाही. पंचवीस-तीसच्या पुढे गेला की वादन सैल वाटायला लागतं, कारण सांगता येत नसलं तरी.

हा आकडा एकदा मोजला म्हणजे कायमचा नव्हे. इंटरफेस (माईक आणि हेडफोन संगणकाला जोडणारं उपकरण) बदलला, विंडोजवर ऑडिओ होस्ट (आवाज आत-बाहेर नेण्याची पद्धत) एमएमईवरून वासापीवर नेला, किंवा बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) बदलला की पुन्हा मोजा. चाचणी करताना कितीही वेळा मोजलं तरी दर वेळी वेगळाच आकडा येत असेल तर आधी हेडफोनकडे बघा: ब्लूटूथ असतील. ब्लूटूथ दीडशे-दोनशे मिलिसेकंदांची भर सहज घालतं आणि ती भर स्थिरही नसते. वर त्याच हेडसेटचा माईक वापरला तर तो फोनकॉलच्या दर्जावर उतरतो, ८ किंवा १६ हजार हर्ट्झ. या कामाला तारेचे, बंद कपांचे हेडफोनच लागतात.

आणखी एक बाब इथेच बघून घ्या. यूएसबी माईक असेल तर हेडफोन त्या माईकच्याच सॉकेटमध्ये लावा, लॅपटॉपच्या नाही. माईकचं घड्याळ वेगळं आणि लॅपटॉपच्या साउंड कार्डचं वेगळं. दोघांच्या वेगात दशलक्षात पन्नास भागांचा फरक असला तरी ४ मिनिटांत १२ मिलिसेकंद जमा होतात. सुरुवातीला जुळलेलं गाणं शेवटाला सुटतं ते यामुळे. ऐकणं आणि रेकॉर्ड करणं एकाच उपकरणातून झालं की दोन्ही एकाच घड्याळावर चालतात आणि हा फरक उरतच नाही.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

सुरू करण्याआधी तीन गोष्टी पाहा. ‘ट्रान्सपोर्ट’च्या पर्यायांत रेकॉर्डिंग चालू असताना बाकीचे ट्रॅक ऐकू येण्याचा पर्याय चालू हवा. आत येणारा आवाज सॉफ्टवेअरमधून ऐकवणारा पर्याय बंद हवा, नाहीतर स्वतःचाच आवाज मागून येत राहतो आणि गाणारा अडखळतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (माईकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनमध्ये देणारं) बटण असेल तर ते वापरा. आणि रेकॉर्डिंगचं उपकरण म्हणून खरोखर माईकच निवडलेला हवा. तिथे ‘स्टिरिओ मिक्स’ किंवा ‘लूपबॅक’ राहिला तर संगणकात जे वाजतंय तेच रेकॉर्ड होतं: मार्गदर्शक ट्रॅक लख्ख, तुमचा आवाज गायब. फाइल उघडल्यावर मिक्स करणाऱ्याला कळेना की याने केलं काय.

स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून बरेच गायक एका कानावरून हेडफोन काढतात. काढा, पण तो मोकळा कप डोक्याला किंवा गालाला दाबून ठेवा. उघडा राहिला तर क्लिक थेट माईकमध्ये.

पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या जागी मीटर उणे १२ ते उणे ६ डीबीच्या (डेसिबलच्या) मध्ये जाईल; शून्य ही कमाल पातळी, तिच्यापुढे आवाज फाटतो. चाचणीला गुणगुणून पातळी लावू नका. गाण्यातली सगळ्यात जोराची ओळ पूर्ण ताकदीने गाऊन लावा. २४ बिटमध्ये जवळजवळ १४४ डीबीचा पल्ला असतो, त्यामुळे थोडं हळू रेकॉर्ड झालेलं वर उचलता येतं. फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

खोलीबद्दल थोडक्यात: पंखा बंद, खिडकी बंद, मागे जाड कापड किंवा कपड्यांचं उघडं कपाट, माईक तोंडापासून एक वीत आणि किंचित बाजूला. गाणं संपल्यावर जागचं न हलता पाच-सहा सेकंद तसंच रेकॉर्डिंग चालू ठेवा. ही खोलीची शांतता आवाज साफ करणाऱ्या इफेक्टला नमुना म्हणून लागते. ती साफसफाई मिक्स करणाऱ्यानेच करावी आणि ६ डीबीपासून सुरू करावी. घरोघरी प्रत्येकाने १८-२० डीबी कापून पाठवलं की सगळे पाण्याखालून गातायत असं वाटतं.

किती टेक (त्याच भागाची वेगवेगळी रेकॉर्डिंग) पाठवायचे? एक निवडलेला, फार तर दोन पर्यायी. अकरा टेक पाठवून ‘यातलं चांगलं ते घे’ म्हणणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. जोडकाम घरीच करा, जोडावर छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा चढेल.

फाइल बाहेर काढताना

नियम एकच: प्रत्येक फाइल शून्यापासून सुरू आणि पूर्ण लांबीची. बासरी फक्त दुसऱ्या अंतऱ्यात बारा सेकंद वाजत असेल तरी फाइल शून्यापासूनच. शांततेने कुणाचं काही बिघडत नाही. ऑडॅसिटीच्या ‘एक्सपोर्ट ऑडिओ’ खिडकीत ‘मल्टिपल फाइल्स’ निवडलं की प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल निघते. तिथेच पहिल्या क्लिपच्या आधीची रिकामी जागा कापून टाकण्याचा एक पर्याय आहे. त्याची खूण काढलेली आहे ना, हे दर वेळी बघा. एवढ्याशा चौकटीने जितक्या फाइली शून्यावरून सरकवल्यात तितक्या दुसऱ्या कशानेच नसतील. आर्डरमध्ये ‘स्टेम एक्सपोर्ट’ (स्टेम म्हणजे एकेका ट्रॅकची वेगळी फाइल) हेच काम करतं. तिथे सेशनच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा पल्ला निवडा.

ट्रॅकची पातळी ० डीबीवर, पॅन (डावी-उजवी बाजू) मध्यात, रिव्हर्ब (घुमारा) आणि कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा इफेक्ट) बंद. गिटारचा ॲम्प किंवा डिलेसारखा इफेक्ट वादनाचाच भाग असेल तर कोरी आणि इफेक्टची अशा दोन्ही फाइली द्या. प्रत्येक ट्रॅक नॉर्मलाइझ करू नका, म्हणजे आपोआप कमाल पातळीपर्यंत उचलू नका. एका माईकने रेकॉर्ड केलेला आवाज मोनोच ठेवा. स्टिरिओ केल्याने तो रुंद होत नाही, फाइल तेवढी दुप्पट होते. ४४,१०० हर्ट्झ, २४ बिट, मोनो असलेली ४ मिनिटांची वेव्ह फाइल साधारण ३२ एमबीची असते. दहा ट्रॅक म्हणजे ३२० एमबी. नेट मंद असेल तर फ्लॅक स्वरूपात करा. त्यात एकही नमुना गळत नाही आणि आकार बराच उतरतो.

एमपी३ मात्र कामाच्या फाइलींसाठी कधीच नको. त्यात दर्जा जातो हे सगळ्यांना माहीत असतं; वेळ सरकते हे कमी जणांना. एन्कोडर (एमपी३ बनवणारा) सुरुवातीला काही नमुने भरतो, डिकोडर (ती उघडणारा) आणखी काही, आणि लेमसारख्या एन्कोडरच्या फाइलीत हे मिळून सुमारे ११०५ नमुने होतात, म्हणजे ४४,१०० वर २५ मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर हे वजा करतात, काही करत नाहीत. त्यामुळे एकाच फाइलीबद्दल दोघांत वाद होतो आणि दोघंही आपल्या जागी बरोबर असतात.

फाइलीचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, मोकळी जागा न सोडता. झिप करून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उघडताना देवनागरी नावांची कधी कधी चौकोनं होतात. क्रम असा बसवा: गाणं, लय, वाद्य, टेक, आवृत्ती, तारीख. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ या मालिकेत कुणी शिरू नये. आवृत्तीला ०१, ०२ असे आकडे द्या आणि जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवू नका. मेसेजिंग ॲपवरून पाठवायची वेळ आलीच तर ऑडिओ म्हणून नको, झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रोजेक्ट फाइल पाठवायचीच असेल तर

ऑडॅसिटीने मार्च २०२१ मधल्या ३.० आवृत्तीपासून सगळा प्रोजेक्ट एकाच एयूपी३ फाइलीत ठेवायला सुरुवात केली. आतून ती डेटाबेस फाइल आहे. प्रोजेक्ट उघडा असताना तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘वाल’ लागलेली आणखी एक फाइल दिसते. ताजे बदल काही काळ तिच्यात असतात. सॉफ्टवेअर बंद न करता फक्त मोठी फाइल कॉपी करून पाठवली की समोरच्याला अर्धवट काम मिळतं. म्हणून आधी सेव्ह, मग प्रोजेक्ट बंद, मग कॉपी.

याच कारणाने एयूपी३ फाइल आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये ठेवून तिथेच काम करू नये. सिंक करणारं सॉफ्टवेअर मधेच फाइल पकडतं, आणि प्रोजेक्ट बिघडण्याचा धोका राहतो. काम आपल्या डिस्कवर करा, संपल्यावर प्रत फोल्डरमध्ये टाका. दोघांनी एकच प्रोजेक्ट एका वेळी उघडायचा नाही, हेही ठरवून घ्या. शिवाय समोरच्याकडे तुमचा प्लगिन (सॉफ्टवेअरला वेगळा जोडलेला इफेक्ट किंवा वाद्य) नसला तर तो इफेक्ट त्याच्याकडे वाजणारच नाही. मिडी ट्रॅकचीही (त्यात आवाज नसतो, कुठला सूर कधी एवढीच नोंद असते) तीच गत: तुमच्याकडे पियानो वाजतो तिथे त्याच्याकडे भलतंच वाद्य वाजतं. मिडी जरूर पाठवा, पण सोबत तोच भाग वेव्हमध्ये हवाच.

फाइली जुळवणं

मिक्स करणाऱ्याने आलेली प्रत्येक फाइल आधी तीन प्रश्न विचारून घ्यावी: सॅम्पल रेट ठरलेलाच आहे का, लांबी बाकीच्यांइतकी आहे का, आणि सुरुवातीच्या टकटकी मूळ क्लिकवर बसतात का. लांबी खोलीच्या शांततेपुरती जास्त असली तर ठीक. दहा सेकंदांनी कमी असेल तर मोजणी कापली गेली आहे.

फाइल सुमारे दीड श्रुती नव्हे, चांगले दीड अर्धस्वर खाली आणि संथ वाजत असेल तर ४८,०००ची फाइल ४४,१०० समजून वाजतेय. ४ मिनिटांचं गाणं अशा वेळी ४ मिनिटं २१ सेकंदांचं होतं. तिला ताणून-दाबून ठीक करू नका. फाइल योग्य रेट सांगून पुन्हा आत घ्या.

टकटकी जुळत नसतील तर तिसरी किंवा चौथी घेऊन तेवढी फाइल सरकवा, मग शेवट ऐका. सुरुवात जुळते पण शेवट सुटतो, तर घड्याळांचा फरक आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करणाऱ्यांच्या फाइलींत हे हमखास भेटतं, कारण मार्गदर्शक ट्रॅक एका उपकरणावर वाजतो आणि रेकॉर्डिंग दुसऱ्यावर. अशा कलाकाराला गाणं संपल्यावरही क्लिकची खूण लागते, म्हणून त्याच्यापुरती क्लिकची वेगळी फाइल करा: शेवटच्या सुरानंतर आठ मात्रांची शांतता, मग पुन्हा चार टकटकी. दोन खुणांमधलं अंतर मूळ ट्रॅकवर २४०.००० सेकंद आणि त्याच्या फाइलीत २४०.०१८ असेल तर तो शेवटाला १८ मिलिसेकंद मागे आहे. अख्खी फाइल ताणण्यापेक्षा मुखडा आणि अंतऱ्याच्या मधल्या शांत जागी कापा आणि त्यानंतरचा तुकडा ९ मिलिसेकंद आधी, म्हणजे डावीकडे, ओढा. सुरुवात जागेवर, मधला भाग जागेवर, शेवटाला फक्त ९ उरले. कानाला कळत नाही आणि सुराला धक्का लागत नाही. मोबाइलचं रेकॉर्डर ॲप आवाज आपोआप वर-खाली करत असेल तर तो पर्याय बंद करायला सांगा.

सगळं जुळल्यावरच मोजणी कापा, आणि सगळ्या ट्रॅकवरून एकाच जागी. त्याआधी मूळ फाइलींची न छेडलेली प्रत बाजूला ठेवा.

कच्चा मिक्स ऐकवायला एमपी३ चालते. प्रतिक्रिया मागताना एवढंच सांगा: वेळ लिहा. ‘गिटार कुठेतरी जड वाटतेय’ याचं काही करता येत नाही; ‘आवृत्ती ०४, १:१२ ते १:२०, गिटार शब्दांवर चढतेय’ याचं येतं. सगळ्यांकडे त्याच आवृत्तीची फाइल असली की १:१२ चा अर्थही सगळ्यांकडे एकच होतो. प्रतिक्रिया एकाच जागी, त्या चिठ्ठीच्या शेजारच्या फाइलीत जमवा. चार गप्पांमध्ये विखुरल्या की दोन हरवतातच.

एकत्र वाजवायचंच असेल तर

तालमीपुरतं जमतं, मर्यादा ओळखून. जॅम्युलस, सोनोबस आणि जॅकट्रिप ही तिन्ही मोफत आहेत आणि आवाज फार न साठवता पुढे ढकलतात. दोघांमधला एका बाजूचा उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर ठेका धरता येतो. हवेत आवाज एवढ्या वेळात आठ-दहा मीटर जातो, म्हणजे मोठ्या रंगमंचाच्या दोन टोकांना उभं राहून वाजवण्यासारखं. फायबरमध्ये प्रकाशाला दर हजार किलोमीटरला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात आणि तारेचा रस्ता सरळ नसतो, त्यामुळे अंतराचा हिशेब सॉफ्टवेअरला चुकवता येत नाही. वायफाय नको, केबल लावा. वायफायचा सरासरी वेग चांगला असतो, पण मधेच अडखळतो आणि तेवढ्यात आवाज तुटतो. निन्जॅमने वेगळी वाट काढली आहे: तुमचं वाजवणं समोरच्याला ठरवलेल्या मात्रांचा पूर्ण एक फेरा उशिरा ऐकू येतं, त्यामुळे ठराविक स्वरसाखळीवर वाजवताना सगळे लयीत राहतात. मुखडा-अंतरा असलेल्या बांधीव गाण्याला ते उपयोगी नाही.

तालमीत सगळं जमून आलं तरी तीच रेकॉर्डिंग अंतिम म्हणून धरू नका. प्रत्येकाने त्याच वेळी आपल्याकडेही स्वतंत्र रेकॉर्ड करत राहावं, सुरुवातीला हेडफोनचा कप माईकसमोर धरून.

गाणं संपल्यावर काय जपायचं

कोऱ्या वेव्ह फाइली, मिक्स केलेले पण मास्टर न केलेले (शेवटचा हात न फिरवलेले) स्टेम, अंतिम वेव्ह, मिडी, शब्द आणि ती चिठ्ठी, एवढं एका फोल्डरमध्ये दोन वेगळ्या जागी ठेवा. चिठ्ठीत शेवटी कोणी काय वाजवलं, सॉफ्टवेअरची आवृत्ती, वापरलेल्या प्लगिनची नावं, आणि बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लूपचा (पुन्हा पुन्हा वाजवायच्या तयार तुकड्याचा) परवाना लिहून टाका. मोफत मिळालेला लूप व्यावसायिक वापरालाही मोफत असेलच असं नसतं. प्रोजेक्ट फाइल पाच वर्षांनी उघडेल की नाही सांगता येत नाही, पण शून्यापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइली कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाकल्या की गाणं पुन्हा उभं राहतं. फोल्डर बंद करण्याआधी रिकाम्या प्रोजेक्टमध्ये त्या एकदा तशाच टाकून, काहीही न सरकवता, वाजवून बघा.